प्रमाण कोणाचे? : जीएसएम मानकाच्या घडणीतील स्पर्धा आणि सहकार्य

‘प्रमाण’ हा शब्द मराठीत दोन अर्थांनी वावरतो. मिश्रणात कोणता पदार्थ किती, हे सांगताना तो मापाचा वाचक असतो. एखाद्याचा शब्द प्रमाण मानावा असे म्हणताना तो अधिकाराचा वाचक होतो. मोबाइल दूरध्वनीच्या तांत्रिक मानकांचा इतिहास पाहू लागले म्हणजे हे दोन्ही अर्थ तेथे एकत्र नांदताना दिसतात. मानक हे माप तर आहेच; पण त्या मापाला अधिकार कोठून आला, हा प्रश्न मापाच्या तपशिलातून सुटत नाही. तो इतिहासाचा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात जीएसएम या मानकाच्या उदाहरणाने त्याचा विचार करावयाचा आहे.

या विवेचनासाठी भाषाशास्त्रातील एक परिचित आराखडा उपयोगी पडतो. आयनर हाउगेन यांनी १९६६ साली एखाद्या बोलीतून प्रमाणभाषा कशी घडते याचे चार टप्पे मांडले : निवड, नियमन, विस्तार आणि स्वीकार. अनेक रूपांतून एकाची निवड होते. त्याला व्याकरण व कोश यांच्या द्वारे नियमबद्ध केले जाते. नवनव्या व्यवहारांत त्याचा विस्तार होतो. आणि अखेरीस समाज त्याचा स्वीकार करतो. भाषेच्या बाबतीत हे टप्पे एकमेकांत मिसळलेले असतात व त्यांचे इतिवृत्त बहुधा कोणी लिहून ठेवलेले नसते. मोबाइलच्या मानकांचे तसे नाही. येथे बैठकांच्या तारखा, करारांवरील सह्या आणि मतभेदांची कारणे उपलब्ध आहेत. प्रमाणीकरणाची क्रिया उघड्या उजेडात पाहावयाची संधी भाषेच्या अभ्यासकाला क्वचितच मिळते. ती येथे मिळते.

१. निवड

इ. स. १९८० नंतरच्या दशकात पश्चिम युरोपात मोबाइल दूरध्वनीच्या अनेक ‘बोली’ प्रचलित होत्या. स्कँडिनेव्हियातील देशांची एनएमटी ही समाईक पद्धती स्वीडन व नॉर्वे येथे १९८१ साली सुरू झाली. ब्रिटनने १९८५ साली टॅक्स ही अमेरिकन पद्धतीवरून बेतलेली व्यवस्था आणली. पश्चिम जर्मनीची सी-नेट्स निराळी, फ्रान्सची रेडिओकॉम २००० निराळी. एका देशातील मोटारीत बसविलेले यंत्र सीमा ओलांडताच मुके होत असे. स्कँडिनेव्हियाचा अपवाद सोडला तर प्रत्येक पद्धतीची बाजारपेठ एका देशापुरती, म्हणून उत्पादन थोडे, आणि उत्पादन थोडे म्हणून किंमत फार, असे हे चक्र होते.

या परिस्थितीत युरोपातील टपाल व दूरसंचार खात्यांच्या परिषदेने, म्हणजे सेप्टने, १९८२ साली ‘ग्रूप स्पेशियाल मोबिल’ नावाचा अभ्यासगट नेमला. जीएसएम ही अक्षरे मूळची या फ्रेंच नावाची होत. गटाची पहिली बैठक डिसेंबर १९८२ मध्ये स्टॉकहोम येथे भरली; अध्यक्षपदी स्वीडनचे थॉमस हाउग होते. या गटात प्रारंभी शासकीय खात्यांचेच प्रतिनिधी बसत. यंत्रे बनविणाऱ्या कंपन्या दाराबाहेर होत्या. परंतु आपापल्या देशाच्या खात्यामार्फत त्यांचा आवाज आत पोहोचत होता, हे विसरून चालणार नाही.

१९८६ च्या अखेरीस पॅरिस येथे आठ प्रस्तावित पद्धतींच्या चाचण्या झाल्या. त्यांतून दोन पक्ष स्पष्ट झाले. ‘अरुंद पट्ट्या’चा, कालविभाजनावर आधारलेला पक्ष प्रामुख्याने स्कँडिनेव्हियातून पुढे आला होता. ‘रुंद पट्ट्या’चा पक्ष फ्रान्स व पश्चिम जर्मनी यांच्या पाठबळावर उभा होता आणि त्यात आल्काटेल व एसईएल या कंपन्यांचे हितसंबंध गुंतलेले होते. फेब्रुवारी १९८७ मध्ये मदेइरा बेटावरील फुंशाल येथे गटाची बैठक झाली. बहुसंख्य देश अरुंद पट्ट्याच्या बाजूने गेले. फ्रान्स व पश्चिम जर्मनी मात्र आपल्या पक्षावर ठाम राहिले. सेप्टच्या परंपरेत निर्णय सहमतीने व्हावयाचा असल्याने बहुमताला अर्थ नव्हता. गाडे अडले ते त्यामुळे.

ते पुढे सरकले ते अभियंत्यांच्या बैठकीत नव्हे. मे १९८७ मध्ये बॉन येथे फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली व ब्रिटन या चार देशांच्या मंत्र्यांनी अरुंद पट्ट्याच्या कालविभाजनाला मान्यता दिली, आणि ७ सप्टेंबर १९८७ रोजी कोपनहेगन येथे १३ देशांतील सेवाचालकांनी सामंजस्य-करारावर सह्या केल्या. ठरलेल्या मुदतीत सेवा सुरू करण्याचे बंधन या कराराने त्यांनी आपण होऊन स्वीकारले. त्याच वर्षीच्या जूनमध्ये युरोपीय समुदायाने ९०० मेगाहर्ट्झच्या परिसरातील तरंगपट्टा या नव्या सेवेसाठी राखून ठेवण्याचा निर्देश काढला होता.

निवडीची ही क्रिया केवळ शास्त्रीय होती असे म्हणता येत नाही, आणि केवळ राजकीय होती असेही नाही. पॅरिसच्या चाचण्यांनी गुणवत्तेची मोजदाद केली. त्या मोजदादीवाचून मंत्र्यांना आपल्याच कंपन्यांची मागणी बाजूला ठेवणे अवघड गेले असते. उलट, मंत्र्यांच्या निर्णयावाचून ती मोजदाद कागदावरच राहिली असती. मराठीच्या बाबतीत मोल्सवर्थच्या १८३१ च्या कोशामागे पंडितांची मंडळी होती आणि तीमागे शासनाची सत्ताही होती. विद्वत्ता आणि सत्ता यांच्या या जोडीशिवाय प्रमाण सहसा सिद्ध होत नाही.

२. नियमन

१९८८ साली युरोपीय दूरसंचार मानक संस्था (एत्सी) दक्षिण फ्रान्समधील सोफिया आंतिपोलिस येथे स्थापन झाली आणि पुढील वर्षी जीएसएमचे काम तिच्याकडे आले. हा बदल दिसावयास प्रशासकीय असला तरी त्याचा परिणाम दूरवर झाला. एत्सीमध्ये कंपन्यांना सभासदत्व होते. जे दाराबाहेर होते ते आता मेजाशी येऊन बसले. बाजारात एकमेकांचे ग्राहक ओढणाऱ्या कंपन्यांचे अभियंते एकाच मसुद्यातील वाक्ये दुरुस्त करू लागले. १९९० साली पहिल्या टप्प्याची विनिर्देशने स्थिर करण्यात आली. त्यांचा विस्तार काही हजार पानांचा होता.

या पानांत काय नोंदविले आणि काय मोकळे सोडले, हे पाहणे उद्बोधक आहे. दूरध्वनी व मनोरा यांच्यामधील तरंगांची भाषा काटेकोरपणे ठरविण्यात आली : प्रत्येक वाहक २०० किलोहर्ट्झचा, त्यावर आठ कालखंड, आणि प्रत्येक कालखंड सुमारे ५७७ मायक्रोसेकंदांचा. मनोऱ्यांची व्यवस्था व मुख्य विनिमय-केंद्र यांच्यामधील सांधाही प्रमाणित झाला. त्यामुळे एका कंपनीचे विनिमय-केंद्र व दुसरीचे मनोरे एकत्र चालविणे शक्य झाले. परंतु मनोरा आणि त्याचा नियंत्रक यांच्यामधील सांधा व्यवहारात ज्याचा त्याचाच राहिला. यंत्राच्या आतील रचना तर प्रत्येक कंपनीची स्वतःची होती. सहकार्य सांध्यापुरते आणि स्पर्धा अवयवांपुरती, अशी ही वाटणी होती. कोणता सांधा उघडा ठेवावयाचा व कोणता झाकावयाचा, हे ठरविणे म्हणजेच पुढील स्पर्धेचे रणांगण आखणे होते.

खरा पेच मात्र पेटंटांच्या बाबतीत उद्भवला. मानक सर्वांचे म्हणून घोषित झाले. पण त्यातील युक्त्यांवर निरनिराळ्या कंपन्यांचे स्वामित्व होते. ज्या युक्तीवाचून मानकाचे पालनच अशक्य, त्या युक्तीचा स्वामी प्रत्येक यंत्रामागे शुल्क मागू शकतो, किंबहुना दुसऱ्याला बाजाराबाहेरही ठेवू शकतो. १९८८ साली सेवाचालकांनी यंत्रखरेदीच्या करारांत अशी अट घालू पाहिली की, पुरवठादारांनी आपल्या आवश्यक पेटंटांचा वापर युरोपात विनाशुल्क होऊ द्यावा. मोटोरोलाने ही अट मानली नाही. तिने निवडक प्रतिस्पर्ध्यांशी परस्पर-परवान्यांचे करार केले. ज्यांच्यापाशी देवाणघेवाणीस स्वतःची पेटंटे होती त्यांना या मार्गाने प्रवेश मिळाला. ज्यांच्यापाशी ती नव्हती त्यांच्यासाठी दार जड झाले.

एत्सीमध्ये यावर बराच वाद होऊन १९९४ साली एक धोरण संमत झाले. आवश्यक पेटंटे असलेल्या सभासदांनी ती वेळेवर जाहीर करावी आणि परवाने ‘रास्त, वाजवी व भेदभावविरहित’ अटींवर द्यावे, असे त्याचे सार आहे. भाषेच्या अभ्यासकाने या तीन विशेषणांपाशी थांबावयास हवे. ज्या मानकात कालखंडाचे माप मायक्रोसेकंदांत दिले आहे, त्याच मानकाच्या वापराची किंमत तीन विशेषणांत सांगितली आहे आणि त्यांपैकी एकालाही माप नाही. ही संदिग्धता केवळ निष्काळजीपणाची नव्हे. काटेकोर आकडा घातला असता तर सहमती झाली नसती. संदिग्ध शब्दांनी सहमती शक्य केली आणि तंटा पुढच्या पिढीकडे, न्यायालयांकडे, सोपविला.

३. विस्तार

१ जुलै १९९१ रोजी फिनलंडमध्ये रेडिओलिंया कंपनीच्या जाळ्यावर माजी पंतप्रधान हारी होल्केरी यांनी तांपेरेच्या उपमहापौर कारिना सुओनियो यांच्याशी संभाषण केले. जीएसएमच्या जाळ्यावरील पहिले संभाषण म्हणून ते नोंदले गेले आहे. १९९२ साली फिनलंड व ब्रिटन येथील सेवाचालकांत परस्परांच्या ग्राहकांना सेवा देण्याचा पहिला करार झाला आणि त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या टेलस्ट्राने सामंजस्य-करारावर सही केली. मानक युरोपाबाहेर पडले. जीएसएम या अक्षरांचा फ्रेंच अर्थ मागे पडून ‘ग्लोबल सिस्टिम फॉर मोबाइल कम्युनिकेशन्स’ असा नवा अर्थ रूढ झाला. अक्षरे तीच ठेवून अर्थ बदलण्याचा हा प्रकार शब्दार्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला अपरिचित वाटू नये.

याच काळात अमेरिकेत दुसरे प्रमाण उभे राहत होते. सॅन दिएगो येथे १९८५ साली अर्विन जेकब्स, अँड्र्यू व्हिटर्बी व त्यांच्या सहकाऱ्यांनी क्वालकॉम कंपनी स्थापन केली. सर्व ग्राहकांनी एकाच पट्ट्यावर एकाच वेळी बोलावे आणि प्रत्येकाचा आवाज स्वतंत्र संकेताने ओळखावा, हे तिच्या सीडीएमए पद्धतीचे तत्त्व होय. १९९३ साली अमेरिकेत या पद्धतीचे मानक मान्य झाले. १९९५ साली हाँगकाँगमध्ये आणि १९९६ साली दक्षिण कोरियात ती व्यवहारात आली.

तिसऱ्या पिढीच्या वेळी चमत्कारिक परिस्थिती निर्माण झाली. युरोपातील पक्षांनीही आता संकेतविभाजनाचे तत्त्व पत्करले, परंतु स्वतःच्या रूपात. जानेवारी १९९८ मध्ये एत्सीच्या पॅरिस येथील बैठकीत एरिक्सन व नोकिया यांचा एक पक्ष आणि सीमेन्स, आल्काटेल, मोटोरोला इत्यादींचा दुसरा, असा सामना झाला. भारित मतांपैकी ७१ टक्के मते आवश्यक होती. ती कोणत्याच पक्षाला मिळाली नाहीत. अखेर तडजोड झाली : जोड-पट्ट्यांसाठी पहिल्या पक्षाची पद्धती, सुट्या पट्ट्यांसाठी दुसऱ्या पक्षाची. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये युरोप, जपान, कोरिया व अमेरिका येथील मानक संस्थांनी मिळून ‘तृतीय पिढी भागीदारी प्रकल्प’ स्थापन केला. क्वालकॉमच्या पद्धतीच्या पुढील विकासासाठी लवकरच त्याच धर्तीचा दुसरा प्रकल्प उभा राहिला.

क्वालकॉमने मात्र आपली पेटंटे युरोपीय रूपालाही लागू पडतात असे सांगून, दोन्ही रूपे जवळ आणल्यावाचून परवाने देण्यास नकार दिला. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने तंटा न मिटल्यास संकेतविभाजनाचे सर्वच प्रस्ताव विचारातून वगळावे लागतील असा इशारा दिला. मार्च १९९९ मध्ये एरिक्सन व क्वालकॉम यांनी न्यायालयीन दावे मिटवून परस्पर-परवाने दिले, आणि क्वालकॉमचा जाळ्याच्या यंत्रांचा व्यवसायच एरिक्सनने विकत घेतला. त्या वर्षीच्या तडजोडींत युरोपीय रूपातील संकेताचा वेग सेकंदास ४०.९६ लक्षावरून ३८.४ लक्षावर आणण्यात आला. तत्त्वाचा म्हणून लढविला गेलेला आकडा व्यवहाराच्या मेजावर सरकू शकतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

चौथ्या पिढीत हा दुभंग मिटला. अमेरिकेतील व्हेरायझन ही सीडीएमएची मोठी सेवाचालक कंपनी. तिने २००७ साली एलटीई हे जीएसएमच्या परंपरेतील मानक निवडले. २००८ साली क्वालकॉमने आपल्या स्वतंत्र चौथ्या पिढीच्या पद्धतीचा विकास थांबविला. जाळी एक झाली. पेटंटे मात्र विभागलेलीच राहिली, आणि क्वालकॉमचे उत्पन्न त्यामुळे बंद पडले नाही. मानकाच्या लढाईत हरलेला पक्ष पेटंटाच्या हिशेबात हरतोच असे नाही.

४. स्वीकार

भारताचा या इतिहासात प्रवेश होतो तो चौथ्या टप्प्यावर. १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणानंतर ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याहून मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी दिल्लीत दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी मोबाइलवर संभाषण केले. जाळे अर्थातच जीएसएमचे होते. डिसेंबर २००२ मध्ये रिलायन्सने सीडीएमएची सेवा आणली आणि काही वर्षे दोन्ही प्रमाणे आपल्या शहरांत शेजारी शेजारी नांदली. जीएसएममध्ये ग्राहकाची ओळख सिमकार्डात असते, म्हणून यंत्र तेच ठेवून कंपनी बदलता येई. रिलायन्सच्या त्या यंत्रांत असे कार्ड नव्हते; कंपनी बदलावयाची तर यंत्रही बदलावे लागे. मानकातील एक कलम ग्राहकाच्या स्वातंत्र्याची मर्यादा कशी ठरविते, हे यावरून कळते.

निवडीच्या वेळी जो हजर नसतो त्याला स्वीकाराच्या वेळी किंमत द्यावी लागते. ही किंमत पैशाची असते, तशीच ती भाषेचीही असते. पैशाचे उदाहरण २०१३ चे आहे. एरिक्सनने मायक्रोमॅक्स या भारतीय कंपनीविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात मानकावश्यक पेटंटांचा दावा लावला. मायक्रोमॅक्सने स्पर्धा आयोगाकडे धाव घेतली. अशा पेटंटांच्या परवान्यांची चौकशी आयोगास करता येते काय, हा वाद दहा वर्षे चालला आणि जुलै २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने आयोगाविरुद्ध निर्णय दिला. १९९४ च्या तीन विशेषणांचा अर्थ लावण्याचे काम असे दिल्लीपर्यंत येऊन पोहोचले.

भाषेचे उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे. जीएसएममधील लघुसंदेशाची कल्पना १९८४–८५ च्या सुमारास फ्रँको-जर्मन सहकार्यातून निघाली. फ्रीडहेल्म हिलेब्रांड यांनी बॉन येथे काही वाक्ये टंकलिखित करून पाहिली व १६० अक्षरे बहुतेक मजकुरास पुरतात असे अनुमान काढले. संदेशासाठी १,१२० बिटांची जागा मिळाली. प्रत्येक अक्षरास सात बिट धरले म्हणजे १६० अक्षरे बसतात. सात बिटांत १२८ चिन्हे मावतात. त्या १२८ घरांत स्कँडिनेव्हियन, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश व इटालियन भाषांच्या विशिष्ट अक्षरांना जागा देण्यात आली. ग्रीकमधील, रोमन अक्षरांशी न जुळणारी, दहा मोठी अक्षरेही आली. जे देश मेजाभोवती होते त्यांचीच ही वर्णमाला होती. तीत द्वेषबुद्धी नव्हती. देवनागरीचा प्रश्न विचारणारे तेथे कोणी नव्हते, इतकेच.

देवनागरी मजकुरासाठी पुढे सोळा बिटांच्या संकेताची सोय झाली. परंतु १,१२० ला सोळाने भागले असता ७० येतात. शिवाय येथे काना, वेलांटी, अनुस्वार व हलन्त यांची प्रत्येकी स्वतंत्र गणना होते. ‘विद्यार्थ्यांच्या’ या एका शब्दाला अशी १७ घरे लागतात, म्हणजे संदेशाचा जवळजवळ चौथा हिस्सा. तोच शब्द रोमन लिपीत १५ अक्षरांत लिहिता येतो आणि १६० पैकी दहावा हिस्साही व्यापत नाही. मराठी माणसाला मोबाइलवर रोमन लिपीत मराठी लिहिण्याची सवय लागली, तिची कारणे अनेक आहेत. पण तिचा विचार करताना केवळ भाषाभिमानाच्या अभावाकडे बोट दाखविणे अन्यायाचे होईल. २००८ नंतर मानकात राष्ट्रीय भाषांचे तक्ते जोडण्यात आले व त्यांत दहा भारतीय भाषा आल्या. देवनागरी तेथे हिंदीच्या नावाने आली. मराठीचा स्वतंत्र तक्ता त्या यादीत नाही. तोवर संदेशांचा व्यवहार आंतरजालावरील साधनांकडे वळू लागला होता.

या संदर्भात एक उलट उदाहरणही नोंदले पाहिजे. पाचव्या पिढीच्या वेळी भारतीय प्रतिनिधींनी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघापुढे ग्रामीण भागाचा प्रश्न मांडला : मनोऱ्यांमध्ये सहा किलोमीटरचे अंतर असूनही सेवा पुरेशी मिळते काय, ही चाचणी मानकाच्या कसोट्यांत समाविष्ट व्हावी. ती झाली. भारतीय संस्थांनी तयार केलेली पद्धती संघाने मान्य केली आणि पुढे तिच्यातील सुधारणा तृतीय पिढी भागीदारी प्रकल्पाच्या सतराव्या आवृत्तीत सामावून घेण्याचे ठरले. स्वतंत्र भारतीय मानक उरले नाही म्हणून काहींना खंत वाटली. परंतु ज्याला मानकात आपले वाक्य घालता आले त्याला निराळी भाषा उभारण्याची गरज उरत नाही, असेही म्हणता येईल.

हाउगेन यांच्या आराखड्यात या विवेचनावरून एक भर घालावीशी वाटते. भाषेच्या प्रमाण रूपाला मालक नसतो. तंत्राच्या प्रमाण रूपाला अनेक मालक असतात. म्हणून निवड, नियमन, विस्तार व स्वीकार यांच्या जोडीला स्वामित्व हा पाचवा विषय येथे सतत उभा राहतो. स्पर्धक कंपन्या सहकार्य करतात ते स्पर्धा संपावी म्हणून नव्हे, तर ती कोठे चालावी हे ठरविण्यासाठी. आणि या ठरविण्यात जो भाग घेत नाही, त्याच्या वाट्याला तयार वर्णमाला व ठरलेले शुल्क येते. मानक समित्यांचे मेज ही अभियंत्यांची जागा असली तरी तेथे लिपीचा, वर्णांच्या गणनेचा आणि शब्दांच्या अर्थाचा निर्णय होत असतो. आपल्या भाषाविभागांनी ते मेज परके मानणे यापुढे परवडणारे नाही.